नोकरी सांभाळून

मराठी नाटकवाल्याला ‘तुम्ही काय करता?’ असं विचारलं की एक उत्तर हमखास येतं : ‘नोकरी सांभाळून नाटक करतो.’ यातलं ‘सांभाळून’ बघा. घरातली म्हातारी माणसं सांभाळावीत, पोरं सांभाळावीत, तशी नोकरी सांभाळायची. नाटक मात्र नुसतं ‘करायचं’.

मीही त्यातलीच. पुण्यात एका आयटी कंपनीत कोड लिहिते आणि उरलेल्या वेळात एका प्रायोगिक ग्रुपमध्ये काम करते. इंजिनिअरिंगला असताना पुरुषोत्तम करंडकाच्या निमित्ताने हे वेड लागलं, ते काही गेलं नाही. गेल्या वर्षी आमच्या ग्रुपमध्ये एक वाद झाला. सगळ्यात धाकटा मेंबर म्हणाला, “पूर्वीचे नट फुलटाइम होते. चोवीस तास नाटक. म्हणून ते बालगंधर्व झाले. आपण वीकेंडवाले, आपलं असंच राहणार.” त्यावर सगळे गप्प बसले, कारण आतून ते सगळ्यांना पटलं होतं.

मला मात्र ते वाक्य खुपत राहिलं. पूर्वीचे म्हणजे कधीचे? फुलटाइम म्हणजे पगार कोण द्यायचं? जेवण कुठे, भाडं कुठून? म्हणून मी नाटकवाल्यांची आत्मचरित्रं पुन्हा वाचायला घेतली. या वेळी गाजलेल्या भूमिकांची पानं भराभर उलटली आणि पैशाच्या ओळींवर पेन्सिल फिरवत गेले.

सुरुवात सगळ्यांना पाठ असते. १८४३, सांगली, विष्णुदास भावे, ‘सीतास्वयंवर’. संस्थानाचे राजे चिंतामणराव पटवर्धन यांची हौस आणि त्यांचाच खर्च. तिकीट हा प्रकार नव्हताच. १८५१ साली चिंतामणराव वारले आणि दरबारचा आधार संपला. मग भाव्यांनी मंडळी घेऊन गावोगाव फिरायला सुरुवात केली आणि १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ केले. म्हणजे आपल्या धंदेवाईक नाटकाचा जन्म स्पॉन्सर गेल्यामुळे झाला. स्टार्टअपमध्ये काम केलेल्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल.

पुढचं नाव अण्णासाहेब किर्लोस्कर. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात आनंदोद्भव नाट्यगृहात त्यांचं ‘शाकुंतल’ झालं आणि संगीत नाटकाचं युग सुरू झालं, हे सगळीकडे लिहिलेलं असतं. अण्णासाहेब तेव्हा रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरीला होते, हे मात्र मी पहिल्यांदाच वाचलं. त्याआधी ते बेळगावात शिक्षक होते. ज्या किर्लोस्कर कंपनीच्या नावाने पुढे नटांच्या पिढ्या पोसल्या गेल्या, ती एका सरकारी नोकराने कचेरी सुटल्यावरच्या वेळात उभी केली होती. आमच्या धाकट्या मेंबरला मी हे व्हॉट्सअॅपवर पाठवलं. त्याने नुसता अंगठा टाकला.

अर्थात त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. किर्लोस्कर कंपनीपासून नट खरोखर फुलटाइम झाले. भाऊराव कोल्हटकर बडोद्याहून आले, १९०५ मध्ये नारायण राजहंस नावाचा मुलगा आला, तोच बालगंधर्व. कंपनी म्हणजे पगार, दोन वेळचं जेवण आणि राहायला बिऱ्हाड. गणपतराव बोडसांचं ‘माझी भूमिका’ किंवा चिंतामणराव कोल्हटकरांचं ‘बहुरूपी’ वाचलं की कळतं, ती एक फिरती वसाहत होती. आचारी कंपनीचा, शिंपी कंपनीचा, रंगारी कंपनीचा. मुक्काम हलला की पडदे, पेट्या, भांडीकुंडी, माणसं, सगळं रेल्वेने पुढच्या गावी. लहान पोरं दिवसा पडेल ती कामं करायची, गाणं शिकायची आणि रात्री उभी राहायची. जोडधंदा करायला वेळ नव्हता आणि गरजही नव्हती.

पण हिशोबाची दुसरी बाजू बघा. कंपनी चालली तर सगळे जेवतात. कंपनी कर्जात गेली तर सगळेच जातात. प्रॉव्हिडंट फंड नाही, म्हातारपणाची सोय नाही. आवाज फुटला, अंग सुटलं, आजारपण आलं की त्या नटाला दुसरं काही येत नसायचं, कारण लहानपणापासून त्याने दुसरं काही केलेलंच नसायचं. स्वतः बालगंधर्वांची कंपनी १९१३ साली सुरू झाली, वैभवाला पोहोचली आणि कर्जातही बुडाली. पडदे, भरजरी शालू, अत्तरं यांची वर्णनं आपण कौतुकाने वाचतो. मला ती आता क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटसारखी दिसतात.

१९३१ मध्ये ‘आलमआरा’ आला, पुढच्याच वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू लागला. नाटकाची थिएटरं सिनेमाला जायला लागली, एकेक कंपनी मोडली. खुद्द बालगंधर्वांनी १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त एकनाथांचं काम केलं, पण सिनेमात ते रमले नाहीत आणि परत नाटकाकडे आले. तोवर त्या नाटकाखालची जमीन सरकली होती.

म्हणजे १८५३ पासून मोजलं तर जेमतेम ऐंशी वर्षं. आपण ज्याला ‘पूर्वी’ म्हणतो तो हा एवढाच तुकडा. त्याच्या आधी राजाश्रय आणि त्याच्या नंतर मस्टर.

या मस्टरबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण आपल्या रंगभूमीचा विसाव्या शतकातला सगळ्यात मोठा आश्रयदाता तोच आहे, आणि त्याच्या नावाने एकाही नाट्यगृहाच्या भिंतीवर पाटी नाही.

कंपन्या मोडल्यावर नाटक ज्यांनी उचलून धरलं ते बहुतेक नोकरदार किंवा व्यावसायिक होते. मामा वरेरकर टपाल खात्यातले. मुंबई मराठी साहित्य संघ १९३५ मध्ये निघाला, त्याचा नाट्यविभाग ज्यांनी वाढवला ते अमृत नारायण भालेराव डॉक्टर. १९५४ साली सरकारने राज्य नाट्य स्पर्धा सुरू केली ती हौशी कलावंतांसाठी. हौशी हा शब्द मला थोडा फसवा वाटतो. हौस म्हटलं की फुलपाखरं, फोटोग्राफी, बागकाम आठवतं. इथे माणसं आठ तास काम करून, उपाशीपोटी तालमीला येऊन, रात्री शेवटची गाडी पकडून घरी जात होती, आणि हे वर्षानुवर्षं चालत होतं.

आमच्या सोसायटीत एक काका आहेत, वय ७६. तरुणपणी गिरगावात राहायचे, एका राष्ट्रीयीकृत बँकेत क्लार्क होते. तीसेक वर्षं नाटक केलं : स्पर्धेची नाटकं, व्यावसायिकमध्ये दुय्यम भूमिका, शेवटी दोन मालिका. मी त्यांना विचारलं, “काका, तुम्हाला कसं जमायचं?”

“जमायचं काय गं, बँकच चालवायची माझं नाटक,” ते म्हणाले. “साडेपाचला सही करून बाहेर. सहा-सव्वासहाला तालीम. आमचा अकाउंटंट तर प्रॉम्प्टिंगला यायचा. आंतरबँक एकांकिका स्पर्धा जवळ आली की कॅन्टीनचे बाक बाजूला सारून तिथेच तालीम. बारा सीएल असायच्या, त्यातल्या दहा नाटकाच्या. उरलेल्या दोन आजारपणाच्या, त्याही प्रयोगानंतरच्या.”

“आणि प्रमोशन?”

“तीनदा नाकारलं. ऑफिसर झालं की बदली. बदली झाली की नाटक गेलं. तुझी काकू अजून बोलून दाखवते.”

हे प्रमोशन नाकारणं मला फार महत्त्वाचं वाटतं. नाटकाचा खरा खर्च तिथे लिहिलेला आहे. तिकीटविक्रीत तो दिसत नाही. तीस वर्षं क्लार्कच राहिलेल्या माणसाच्या पेन्शनमध्ये दिसतो, आणि त्याच्या बायकोच्या बोलण्यात.

त्या काळातली नावं घ्यायची तर यादी लांब होईल. अशोक सराफ दहाएक वर्षं स्टेट बँकेत होते. अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात. प्रशांत दामले बेस्टमध्ये, शरद पोंक्षेही बेस्टमध्ये. लक्ष्मीकांत बेर्डे साहित्य संघातच नोकरी करता करता छोट्या भूमिका करायचे. निळू फुले पुण्यात लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करायचे. भक्ती बर्वे आकाशवाणीवर निवेदिका होत्या, दूरदर्शनवर बातम्याही वाचायच्या. आज ज्यांचे रील्स आपण बघतो, त्या प्रशांत दामल्यांनी ६ नोव्हेंबर २०२२ रोजी साडेबारा हजारावा प्रयोग केला. त्या आकड्याच्या मुळाशी कुठेतरी बेस्टचं एक ओळखपत्र आहे.

बेस्ट, बँका, पोर्ट ट्रस्ट, रेल्वे, एलआयसी, मंत्रालय. या ठिकाणी तीन गोष्टी होत्या : सुटायची ठरलेली वेळ, युनियन, आणि नाटक म्हणजे काय हे माहीत असलेला साहेब. यातल्या कुठल्याच संस्थेने ‘आम्ही कलेला अनुदान देतो’ असं म्हटलं नाही. पण दर संध्याकाळी साडेपाचला त्यांनी माणसं सोडली. १९६९ साली १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यानंतर शाखा वाढल्या, भरती वाढली. अर्थशास्त्राच्या पुस्तकात यावर धडा असतो. नाटकाच्या इतिहासातही तो असायला हवा, असं माझं मत आहे.

नोकरीचा काच कसा असतो याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे पंडित वसंतराव देशपांडे. ‘मी वसंतराव’ सिनेमा पाहिला असेल तर आठवेल. एवढ्या ताकदीचा गवई पुण्यात मिलिटरी अकाउंट्समध्ये वर्षानुवर्षं कारकुनी करत होता. मग नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलकडे, बदली. शेवटी त्यांनी नोकरी सोडली. १९६७ मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ आलं आणि खाँसाहेब अजरामर झाले. काका तीनदा ज्या बदलीपासून पळाले, ती वसंतरावांना चुकवता आली नव्हती. सिनेमात वसंतरावांचं काम त्यांच्या नातवाने, राहुल देशपांडे यांनी केलं आहे, आणि ते चार्टर्ड अकाउंटंट झालेले आहेत. तिसऱ्या पिढीतही हिशोब सुटला नाही, असं मला उगाच वाटून गेलं.

पुण्यात मस्टरची जागा दवाखान्याने घेतली होती. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन. डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, दौंडला दवाखाना. डॉ. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. सतीश आळेकर बी. जे. मेडिकल कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवायचे. १६ डिसेंबर १९७२ रोजी ‘घाशीराम कोतवाल’ उभं राहिलं ते या अशा माणसांच्या संध्याकाळींवर. पुढच्या वर्षी संस्थेत वाद होऊन नाटक बंद पडलं, तेव्हा ही मंडळी बाहेर पडली आणि थिएटर अकॅडमी काढली. १९८० मध्ये ‘घाशीराम’ युरोपला गेलं. त्या दौऱ्याबद्दल वाचताना लोक ब्राह्मणांची भिंत, विरोध, न्यायालय यांच्या गोष्टी सांगतात. मला एकच प्रश्न पडतो : एवढ्या मोठ्या संचाने, त्यातल्या बहुतेकांना नोकऱ्या असताना, एकाच वेळी रजा कशी मिळवली असेल? आमच्या सात जणांच्या ग्रुपला नगरचा एक प्रयोग ठरवताना घाम फुटतो.

आता डॉ. लागूंची गोष्ट. ‘लागूंनी डॉक्टरकी सोडली’ हे वाक्य मराठी घरांत दोन पद्धतीने सांगतात. मुलाला नाटकात जायचं असेल तर मुलगा सांगतो, ‘बघा, त्यांनी सोडली.’ बाप सांगतो, ‘बघ, आधी डॉक्टर झाले.’ माझ्या घरी बापाची आवृत्ती चालायची. खरं तर १९६९ साली त्यांनी निर्णय घेतला तेव्हा ते बेचाळिशीला आले होते. मागे दीड-दोन दशकांचं हौशी नाटक होतं, परदेशातलं शिक्षण आणि आफ्रिकेतली प्रॅक्टिस होती. लगेच पुढच्या वर्षी, १९७० च्या डिसेंबरात, ‘नटसम्राट’ आलं. ‘लमाण’ वाचताना जाणवतं की हा उडी मारणारा माणूस नव्हता. त्याने पाण्याची खोली बरीच वर्षं मोजली होती. आणि तरीही ती मोजायची ऐपत असायला आधी हाताशी एक पदवी लागते, हेही त्याच पुस्तकातून दिसतं. माळीकाम करणाऱ्याला असं मोजत बसता येत नाही.

बायकांचं काय, हा प्रश्न मी वाचताना सारखा घेऊन फिरत होते. कंपन्यांच्या काळात बहुतेक ठिकाणी स्त्रीचं काम पुरुषच करायचे, त्यामुळे तिथे पगाराचा प्रश्नच नाही. नोकरीच्या काळात बाई नाटकात आली तेव्हा तिच्या दिवसात तीन पाळ्या झाल्या : घर, ऑफिस, तालीम. सुलभा देशपांडे दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. १९६७ मध्ये ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधली बेणारे त्यांनी उभी केली, आणि बेणारे ही शिक्षिकाच. १९७१ मध्ये त्यांनी आणि अरविंद देशपांड्यांनी सहकाऱ्यांसोबत ‘आविष्कार’ काढली. १९७४ पासून त्याच छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटकं होऊ लागली आणि ‘छबिलदास चळवळ’ हे नाव पडलं. दिवसा शाळा, संध्याकाळी रंगमंच. भाडं परवडणारं, स्टेशन चालत पाच मिनिटं. विजयाबाईंपासून तेंडुलकरांपर्यंत सगळ्यांवर आपण लिहितो, पण दादर स्टेशनपासूनच्या त्या पाच मिनिटांवर कुणी लिहीत नाही. ती पाच मिनिटं नसती तर ऑफिस सुटल्यावर तालमीला कोण पोहोचलं असतं?

इथवर जे लिहिलं ते पांढरपेशांचं. त्यांच्याकडे मस्टर होतं. ज्यांच्याकडे ते कधीच नव्हतं, त्यांचा हिशोब वेगळा आहे आणि जास्त जुना आहे.

माझ्या आजोळी, कुडाळकडे, दशावतारी नटाबद्दल एक म्हण आहे : रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा. पूर्वी पेटारे डोक्यावर घेऊन मंडळी एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेला चालत जायची, त्यावरून पडलेली. आता टेम्पो असतो. पण म्हणीतला दुसरा अर्थ कायम आहे. कार्तिकात जत्रा सुरू होतात, पावसाळा तोंडावर आला की थांबतात. मृग लागला की राजा चिखलात उतरतो आणि लावणी करतो. बाकीच्या दिवसांत कुणी गवंडीकाम करतो, कुणी बागेत मजुरीला जातो. मोचेमाडकर, पार्सेकर अशा मंडळ्या पिढ्यानपिढ्या चालत आल्या त्या या वेळापत्रकावर. छापील संहिता नसते, आख्यान ठरतं आणि संवाद जागेवर सुचतात. स्वतःचा रंग स्वतः लावायचा. लहानपणी मला प्रश्न पडायचा, याचा खरा धंदा कोणता, शेती की नाटक? आजीला विचारलं तर ती म्हणाली होती, “पावसात शेती, उन्हात नाटक. दोन्ही पोटालाच की.” जोडधंदा म्हणायचं कशाला, हे तिथे ठरवताच येत नाही.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत हेच आणखी मोठ्या प्रमाणावर दिसतं. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया. धान कापून झालं, दिवाळी आटोपली, की नाटकांचा हंगाम सुरू होतो तो होळीपर्यंत. वडसा म्हणजे देसाईगंज हे त्याचं केंद्र. गावातलं मंडळ तिथे जाऊन नाटक ठरवतं. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, आणि रात्री दहाच्या सुमारास सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत. लेकी माहेरी येतात, पाहुणे जमतात. नट शेतकरी असतात, शिक्षक असतात, सुतार, शिंपी, पेंटर असतात. स्त्री कलाकार बऱ्याचदा नागपूरकडून हंगामासाठी येतात. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या, तेव्हा पटाच्या दिवसाशी बांधलेल्या नाटकांचीही पंचाईत झाली. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना पुन्हा वाट मोकळी झाली. इथल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या अनेक नाटकवाल्यांनी झाडीपट्टी हा शब्द गुगल केला. मीही केला.

तमाशाचं गणित सगळ्यात कठोर. दसऱ्याला फड बाहेर पडतात, चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रांमध्ये खरा धंदा होतो. नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमारास राहुट्या लागतात, जत्रेच्या कमिट्या येऊन सुपारी देतात. हंगाम संपला की फडातली माणसं शेतमजुरीला जातात, वीटभट्टीवर जातात, मिळेल ते करतात. आणि पावसाळ्यात पोट भरायला फडमालकाकडून उचल घेतात. उचल म्हणजे पुढच्या हंगामाचा पगार आधीच खाल्लेला. ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. काकांच्या बँकेत प्रमोशन नाकारायचा हक्क होता. उचल घेतलेल्या ढोलकीवाल्याला नाही म्हणायचा हक्क नसतो. हे दोन्ही ‘कलेसाठी त्याग’ या एकाच शीर्षकाखाली छापून येतं, याची मला चीड येते. मांग, महार, कोल्हाटी समाजातल्या ज्या माणसांनी ही कला जगवली, त्यांच्यासाठी दुसरी नोकरी हा पर्याय समाजानेच ठेवला नव्हता.

मुंबईच्या गिरणगावात या दोन जगांचा सांधा होता. कोकणातून, घाटावरून आलेला कामगार पाळी संपवून भजनाला, नमनाला, दशावताराला, नाटकाला उभा राहायचा. अण्णा भाऊ साठे गिरणीत काम केलेले. परळचं दामोदर नाट्यगृह १९२२ पासूनचं, कामगार वस्तीतलं. कामगार कल्याण केंद्रांच्या नाट्यस्पर्धांमधून कितीतरी नट आले. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. संप हरला, पुढे गिरण्या गेल्या आणि संध्याकाळच्या तालमीसाठी लागणारी पाळीही गेली. आज तिथे माझ्यासारख्या लोकांची ऑफिसं आहेत. मीही लोअर परळला एका प्रोजेक्टवर चार महिने होते. दुपारी जेवायला खाली उतरलं की एक चिमणी दिसायची, नुसती उभी.

१९९१ नंतर मस्टर हळूहळू आटलं. २०००-०१ च्या सुमारास सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्ती आली, काकाही त्यातलेच. नवी भरती कमी आणि कंत्राटी. त्याच काळात, १९९९ मध्ये अल्फा मराठी आणि त्यानंतर ईटीव्ही मराठी आलं, आणि नटाची नवी नोकरी तयार झाली : मालिका. बारा-तेरा तासांची शिफ्ट, घोडबंदरला नाहीतर मढला सेट, पैसे नव्वद दिवसांनी. पूर्वी नट ऑफिसातून नाटकाला यायचा, आता सेटवरून येतो. फरक इतकाच की बँकेला साडेपाचला सोडावंच लागायचं, सेटला तसं काही बंधन नाही. मधल्या वारी नाटक लावणं म्हणूनच कठीण झालं, सगळे प्रयोग शनिवार-रविवारवर गोळा झाले आणि चांगल्या तारखांसाठी मारामारी सुरू झाली.

मालिका न मिळणाऱ्यांचं काय? आमच्याच ग्रुपमध्ये बघते. एक डबिंग करतो. एक उन्हाळ्यात मुलांची नाट्यशिबिरं घेते आणि लग्नांत सूत्रसंचालन करते. एक दुपारपर्यंत अॅपवर टॅक्सी चालवतो, संध्याकाळी प्रकाशयोजना सांभाळतो. व्यावसायिकमध्ये नटाला प्रत्येक प्रयोगामागे जे मानधन मिळतं त्याला ‘नाईट’ म्हणतात. आमच्या प्रायोगिकमध्ये नाईट म्हणजे खरोखर नुसती रात्र. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहं बंद झाली, ती अधूनमधून पन्नास टक्क्यांवर उघडून पुन्हा बंद होत ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाली, तेव्हा बॅकस्टेजच्या माणसांनी भाजी विकली, मासे विकले. वर्क फ्रॉम होम मिळालं ते आम्हा कोडवाल्यांना. त्या दीड वर्षात आमच्या ग्रुपचं भाडं माझ्या पगारातून गेलं. तेव्हा मला कळलं की काकांच्या बँकेची जागा आता मी आहे.

पण माझी नोकरी साडेपाचला सुटत नाही. पगार काकांच्या पगारापेक्षा कितीतरी जास्त, आणि संध्याकाळ मात्र माझी नाही. परदेशातला क्लायंट त्याच वेळी जागा होतो. ऑन-कॉल असताना फोन तालमीतही उशाशी. दोन वर्षांपूर्वी प्रयोगाच्या दिवशी सर्व्हर पडला. मी मेकअपमध्ये, विंगेत लॅपटॉप उघडून बसले होते, पहिली घंटा झाली होती. माझ्या त्या वेळच्या मॅनेजरने नंतर विचारलं होतं, “हे नाटक वगैरे करिअरच्या दृष्टीने काय आहे नेमकं?” त्याला बिचाऱ्याला प्रॉम्प्टर म्हणजे काय हेही माहीत नसणार. काकांचा अकाउंटंट मला त्या रात्री फार आठवला.

धाकट्या मेंबरने यंदा नोकरी सोडली. मी वाचलेलं सगळं त्याला सांगून झालं होतं, किर्लोस्करांच्या कचेरीपासून उचलीपर्यंत. त्याने ऐकून घेतलं आणि राजीनामा दिला. “सहा महिन्यांचे पैसे आहेत, ताई. मग बघू,” म्हणाला. मी त्याला अडवलं नाही, शाबासकीही दिली नाही. सध्या तो एका क्लासमध्ये आठवी-नववीला गणित शिकवतो, सकाळी सात ते दहा. दिवसभर मोकळा असतो, त्यामुळे सेटसाठी लाकूड आणणं, दिव्यांची बोलणी, हॉलच्या चकरा, सगळं त्याच्याकडे आलं आहे.

राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी जवळ आली आहे. आमचा प्रयोग गुरुवारी, संध्याकाळी सातला. दुपारी दोनला सेट लावायला घ्यायचा. सात जणांपैकी चौघांची रजा मंजूर झाली आहे, टॅक्सीवाला त्या दिवशी गाडी काढणार नाही, गणिताच्या सरांचा तास दहालाच संपतो. राहिले मी. त्या आठवड्यात रिलीज आहे. अर्ज टाकून नऊ दिवस झाले, सिस्टिमवर अजून ‘पेंडिंग’ दिसतंय.